वन्स इन अ ब्लू मून : अर्थ, वापर आणि नेमकी मराठी

मी संध्याकाळी इंग्रजी संभाषणाचा वर्ग घेते. नोकरी करणारी मुलंमुली येतात, दुकान सांभाळणारे येतात, घरचं सगळं आवरून धावतपळत येणाऱ्या गृहिणीही येतात. त्यांच्यातल्या एक काकू एकदा दिनदर्शिका घेऊनच वर्गात आल्या. त्यांचा मुलगा परदेशात स्थायिक झालेला. तिकडेच वाढलेल्या नातवाला त्यांनी फोनवर विचारलं होतं, "काय रे, आई पुरणपोळी करते का कधी?" तो म्हणाला, "वन्स इन अ ब्लू मून, आजी." काकूंना वाटलं, सूनबाई कुठल्यातरी ठरलेल्या पौर्णिमेला पुरण घालत असणार. त्यांनी बारा महिन्यांची पानं चाळली. वटपौर्णिमा सापडली, नारळी सापडली, कोजागरी आणि त्रिपुरीही सापडली. निळी काही सापडेना. "मॅडम, ही कोणत्या महिन्यात येते?" असं त्यांनी पान उघडं धरून मला विचारलं.

त्या दिवशी मी दोन वाक्यांत उत्तर दिलं आणि घरी आल्यावर मला ते फार तोकडं वाटलं. काकूंनी पंचांगात शोधलं हे अगदी बरोबर होतं, कारण या वाक्प्रचाराचा पंचांगाशी खरोखरच संबंध आहे, तोही आपल्या ओळखीचा. म्हणून इथे सगळं सविस्तर लिहिते आहे: अर्थ काय, तो आला कुठून, वाक्यात बसवायचा कसा, चुका कुठे होतात आणि मराठीत आणताना कोणता शब्द निवडायचा.

आधी अर्थ पक्का करू

'वन्स इन अ ब्लू मून' म्हणजे फार क्वचित, सठीसहामाशी. एवढं कुठल्याही शब्दकोशात मिळतं. पण वापरताना या अर्थाच्या आतल्या तीन गोष्टी मनात असू द्याव्यात.

पहिली, ती गोष्ट घडते. क्वचित का होईना, पण घडतेच. जी कधीच घडत नाही तिला हा वाक्प्रचार लावू नये. तुम्ही आयुष्यात सिगारेट ओढली नसेल आणि 'वन्स इन अ ब्लू मून' म्हणालात, तर ऐकणारा समजेल की कधीतरी एखादी ओढता.

दुसरी, ती इतकी क्वचित घडते की घडली की लक्षात राहते. महिन्यातून दोनदा हॉटेलात जेवणाऱ्याने हे म्हणू नये. त्याच्यासाठी 'नाऊ अँड देन' आहे, म्हणजे आपलं अधूनमधून.

तिसरी, तिचं वेळापत्रक नसतं. दिवाळी वर्षातून एकदाच येते, पण तिला कुणी 'वन्स इन अ ब्लू मून' म्हणणार नाही, कारण ती कधी येणार हे सगळ्यांना ठाऊक असतं. वर्षातून एकदा भरायचा विमा, बारा वर्षांनी नाशिकला भरणारा कुंभमेळा हे सगळं ठरलेलं आहे. ठरलेल्या गोष्टीला हा वाक्प्रचार बसत नाही. पुण्यातला मित्र कधीतरी अचानक नागपूरला तुमच्या दारात उभा राहतो, त्याच्या येण्याला मात्र तो चपखल बसतो.

वापरण्याआधी हे तीन प्रश्न स्वतःला विचारावेत. तिन्हींना होकार आला तरच तोंडातून काढावा. माझ्या वर्गात एवढ्याने निम्म्या चुका कमी झाल्या.

निळा चंद्र आला कुठून

पाठांतरापुरतं शिकायचं असेल तर हा भाग सोडून पुढे गेलात तरी चालेल. पण शब्दाचं मूळ कळलं की तो परका राहत नाही, असा माझा अनुभव आहे. शिवाय इथेच काकूंच्या दिनदर्शिकेचं उत्तर आहे.

इंग्रजीत निळ्या चंद्राचा उल्लेख १५२८ सालच्या एका पुस्तिकेत सापडतो. चर्चच्या धर्मगुरूंवर टीका करताना तिथे म्हटलं आहे, की ते चंद्र निळा आहे म्हणाले तर आपण ते खरंच मानायला हवं. म्हणजे त्या काळी निळा चंद्र हे अशक्य गोष्टीचं उदाहरण होतं. कुणीतरी दिवसाला रात्र म्हणावं आणि बाकीच्यांनी मान डोलवावी, तशातलं. पुढे हा अर्थ हळूहळू मवाळ झाला. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनच्या बोलीत 'फार दिवसांत दिसला नाहीस' अशा अर्थाने तो येऊ लागला होता. 'कधीच नाही' चं 'फार क्वचित' झालं ते असं.

अर्थ असा सैल होण्याचं एकमेव कारण बोट ठेवून सांगता येत नाही. पण चंद्र खरोखर निळा दिसतो, अगदी क्वचित दिसतो, हे मात्र खरं आहे. ऑगस्ट १८८३ मध्ये जावा आणि सुमात्रा यांच्यामधल्या सामुद्रधुनीत क्राकाटोआ ज्वालामुखीचा प्रचंड स्फोट झाला. त्याची बारीक राख वातावरणात उंच गेली आणि जगभर पसरली. त्यानंतर ठिकठिकाणी लोकांनी निळसर-हिरवट चंद्र पाहिला. सप्टेंबरात मद्रास आणि सिलोनकडे हिरवा सूर्य दिसल्याच्याही नोंदी आहेत. सप्टेंबर १९५० मध्ये कॅनडात अल्बर्टाच्या बाजूला जंगलं पेटली, तो धूर अटलांटिक ओलांडून गेला आणि ब्रिटनमध्ये लोकांना निळा सूर्य व निळा चंद्र दिसला.

हे घडतं कसं? हवेतल्या धुळीचे कण साधारणपणे लहानमोठे असतात. पण कधीतरी एकाच मापाचे असंख्य कण जमतात, साधारण एक मायक्रॉनचे, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढे. लाल प्रकाशाची तरंगलांबी ०.७ मायक्रॉनच्या आसपास असते. त्याहून किंचित मोठे कण लाल प्रकाश इकडेतिकडे विखरून टाकतात, निळा प्रकाश मात्र बराचसा सरळ आपल्यापर्यंत येतो. सगळे कण त्याच मापाचे असणं हाच दुर्मीळ भाग.

पंचांगातली निळी पौर्णिमा

आता गंमतीचा भाग, आणि काकूंना सगळ्यात आवडलेला.

एका पौर्णिमेपासून दुसऱ्या पौर्णिमेपर्यंत सरासरी २९.५३ दिवस जातात. असे बारा चांद्रमास मिळून जवळपास ३५४ दिवस होतात. सूर्याचं वर्ष ३६५ दिवसांचं. दरवर्षी अकरा दिवस मागे पडतात. अडीच-पावणेतीन वर्षांत ही तूट एका महिन्याएवढी साठते आणि एक पौर्णिमा जास्तीची येते. एकोणीस वर्षांत २३५ चांद्रमास होतात. एकोणीस गुणिले बारा म्हणजे २२८. उरले सात. एकोणीस वर्षांत सात जास्तीचे चंद्र.

हे सात आपण ओळखतो. तोच आपला अधिक महिना, पुरुषोत्तम मास, धोंड्याचा महिना! जावयाला वाण देताना तेहेतीस अनारसे मोजून ठेवतात तो. ज्या चांद्रमासात सूर्य रास बदलत नाही, म्हणजे ज्यात संक्रांत येत नाही, तो अधिक. त्याला वेगळं नाव दिल्यामुळे पुढचे महिने आपापल्या जागी राहतात आणि दिवाळी घसरत घसरत पावसाळ्यात जात नाही. इस्लामी कालगणनेत असा महिना घालत नाहीत, म्हणून रमजान दरवर्षी अकराएक दिवस अलीकडे सरकत राहतो.

अमेरिकेतल्या मेन राज्यात शेतकऱ्यांसाठी निघणाऱ्या पंचांगानेही हेच केलं होतं. तिथे प्रत्येक ऋतूत तीन पौर्णिमा धरतात आणि प्रत्येकीला नाव असतं. एखाद्या ऋतूत चार आल्या की तिसरीला 'ब्लू मून' म्हणायचं, म्हणजे चौथीचं नाव तिच्याकडेच राहतं. आपण 'अधिक' म्हणून जे साधतो तेच त्यांनी 'ब्लू' म्हणून साधलं.

मग 'एका इंग्रजी महिन्यात आलेली दुसरी पौर्णिमा' ही आज सगळीकडे सांगितली जाणारी व्याख्या कुठून आली? तर एका चुकीतून. १९४६ साली 'स्काय अँड टेलिस्कोप' या मासिकात जेम्स ह्यू प्रुएट या हौशी खगोल-अभ्यासकाने त्या पंचांगाचा नियम चुकीचा समजून तसं लिहिलं. १९८० मध्ये ते अमेरिकेतल्या एका रेडिओ कार्यक्रमात सांगितलं गेलं आणि मग पसरतच गेलं. १९९९ मध्ये त्याच मासिकाने आपली चूक उलगडून मांडली, पण तोवर नवी व्याख्या रुळली होती. आता दोन्ही चालतात. १९ ऑगस्ट २०२४ ला, म्हणजे आपल्या नारळी पौर्णिमेला, 'ब्लू मून' आहे अशा बातम्या आल्या तेव्हा बरेच जण गोंधळले, कारण त्या महिन्यात पौर्णिमा एकच होती. ती ऋतूच्या हिशोबाने निळी होती. आणि रंगाने नेहमीसारखीच, हेही सांगायला हवं. त्या रात्री गच्चीवर जाऊन निळा चंद्र शोधणाऱ्यांना श्रावणातले ढग दिसले असतील.

मे २०२६ मध्ये मात्र सुरेख जुळून येतं. १ मे ला एक पौर्णिमा आणि ३१ मे ला दुसरी, म्हणून इंग्रजी महिन्याच्या हिशोबाने ३१ मे ची पौर्णिमा 'ब्लू मून'. त्याच वेळी आपल्याकडे १७ मे पासून १५ जूनपर्यंत अधिक ज्येष्ठ. म्हणजे जी पौर्णिमा त्यांची निळी, तीच आपली अधिकातली. काकूंनी दिनदर्शिकेत शोधलं ते असं सापडतं.

इथे एक गोष्ट मला फार विलक्षण वाटते. त्याच जास्तीच्या चंद्रातून मराठीनेही एक म्हण काढली आहे: 'दुष्काळात तेरावा महिना'. इंग्रजी माणसाला त्या जादा चंद्रात दुर्मीळपणा दिसला. आपल्या माणसाला दिसलं की धान्य संपत आलंय आणि पुढचं पीक आणखी एक महिना लांब गेलं. म्हणून या दोन वाक्प्रचारांचं मूळ गणित सारखं असलं तरी एकाच्या जागी दुसरा कधीही वापरू नका.

आणखी एक खबरदारी. खगोलातला 'ब्लू मून' सरासरी पावणेतीन वर्षांनी येतो, म्हणून 'वन्स इन अ ब्लू मून' म्हणजे पावणेतीन वर्षांतून एकदा असा अर्थ लावू नये. परीक्षेत तसं लिहिलेलं मी पाहिलं आहे. वाक्प्रचार आधीचा, ही व्याख्या नंतरची. बोलताना आकडा कुणाच्याच मनात नसतो.

उच्चार: पाच बोटं, पाच ठोके

वन्स, इन, अ, ब्लू, मून. एका हाताची पाच बोटं आणि पाच शब्द. अंगठ्यापासून सुरू करा. मधल्या बोटावर येतो तो 'अ'. सगळ्यात लांब बोटावर सगळ्यात छोटा आवाज, असं मी मुलांना सांगते.

हा 'अ' आपल्या लोकांकडून हटकून गळतो. 'वन्स इन ब्लू मून' असं लिहिलेलं तुम्हाला जाहिरातींत, मथळ्यांत, ऑफिसच्या मेलमध्ये सारखं दिसेल. त्यात आश्चर्य नाही. मराठीत असं उपपद नाहीच, आणि इंग्रज माणूस बोलताना 'इन अ' इतकं झटकन आणि दबक्या आवाजात म्हणतो की आपल्याला 'वन्सिन ब्लू मून' असंच ऐकू येतं. जोर पडतो तो 'वन्स', 'ब्लू' आणि 'मून' वर. तर म्हणताना 'अ' हळू म्हणा, पण लिहिताना विसरू नका. 'द ब्लू मून' नाही, 'ब्लू मून्स' नाही. वाक्प्रचार तयार ताटासारखा येतो, त्यातली वाटी हलवायची नाही.

वाक्यात बसवताना

सगळ्यात सोपी जागा म्हणजे वाक्याचा शेवट. 'वी ईट आऊट वन्स इन अ ब्लू मून.' आम्ही बाहेर जेवायला फार क्वचित जातो. 'माय ब्रदर कॉल्स वन्स इन अ ब्लू मून.' भावाचा फोन सठीसहामाशी येतो. नव्याने शिकणाऱ्याने शेवटचीच जागा धरावी, चूक होण्याचा संभव जवळजवळ उरत नाही.

जोर द्यायचा असेल तर सुरुवातीला आणता येतो, मग पुढे स्वल्पविराम. 'वन्स इन अ ब्लू मून, ही मेक्स टी फॉर एव्हरीवन.' मधे मात्र घालू नका. 'आय वन्स इन अ ब्लू मून गो टू द जिम' हे वाक्य कानाला खडबडीत लागतं. मराठीत 'मी क्वचितच व्यायामशाळेत जातो' असा क्रम असतो, त्यामुळे तो तसाच इंग्रजीत उतरतो. तिथे जरा थांबून शेपूट शेवटी न्यायचं.

'ओन्ली' लावला की तक्रारीचा किंवा खंतेचा सूर येतो: 'शी व्हिजिट्स ओन्ली वन्स इन अ ब्लू मून.' आपला 'च' जसा काम करतो, 'क्वचितच येते', तसंच.

प्रश्नाला उत्तर म्हणून तो एकटाही चालतो. 'डू यू वॉच टेस्ट क्रिकेट?' 'वन्स इन अ ब्लू मून.' बस. पूर्ण वाक्याची गरज नाही.

काळाकडे लक्ष द्या. सवयीबद्दल बोलत असाल तर साधा वर्तमानकाळ: 'आय गो', 'ही कॉल्स', 'दे मीट'. आपण 'आम्ही तिकडे जात असतो कधीतरी' असं म्हणतो, आणि त्या 'जात असतो' मुळे इंग्रजीत 'वी आर गोइंग देअर वन्स इन अ ब्लू मून' होऊन बसतं. ते टाळा. जुनी सवय सांगायची असेल तर साधा भूतकाळ किंवा 'युज्ड टू'. 'लहानपणी आम्ही सिनेमाला क्वचित जायचो' याचं 'अ‍ॅज चिल्ड्रन वी वेंट टू द सिनेमा वन्स इन अ ब्लू मून.' मराठीतला 'जायचो', 'यायचा', 'करायची' हा प्रकार दिसला की इथे हे रूप वापरायचं, एवढी खूण पुरेशी आहे.

एकदाच घडून गेलेल्या गोष्टीला मात्र हा लावू नका. 'आय मेट हिम वन्स इन अ ब्लू मून लास्ट वीक' हे चूक आहे. गेल्या आठवड्यात भेटलात, ती एक भेट झाली. वाक्प्रचार किती वेळा घडतं ते सांगतो, केव्हा घडलं ते नाही. हवं तर दोन वाक्यं करा: गेल्या आठवड्यात भेटलो, आणि असं आम्ही फार क्वचित भेटतो.

'रेअरली' आणि हा वाक्प्रचार एकत्र नको. आपण मराठीत 'क्वचितच कधीतरी' असं जोडून सहज बोलतो, इंग्रजीत ते दुहेरी होतं. 'नेव्हर' तर नकोच.

आणि एक रचना तोंडपाठच करून ठेवा, कारण ती नोकरीधंद्यात फार उपयोगी पडते: 'अ चान्स लाइक धिस कम्स वन्स इन अ ब्लू मून.' अशी संधी फार क्वचित येते. इथे सूर तक्रारीचा राहत नाही, उत्साहाचा होतो.

कुठे वापरू नये

हा गप्पांमधला, मोकळा वाक्प्रचार आहे. मित्र, सहकारी, ओळखीचा ग्राहक यांच्याशी बोलताना, साध्या मेलमध्ये चालतो. पण जिथे समोरच्याला नेमका आकडा हवा असतो तिथे तो अडचण करतो.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे डॉक्टर. छातीत दुखतं का, चक्कर येते का, किती वेळा येते, असं डॉक्टरांनी विचारलं तर 'वन्स इन अ ब्लू मून' म्हणू नका. मराठीतही 'कधीतरी' म्हणू नका. गेल्या दोन महिन्यांत तीनदा आली, असं सांगा. परदेशी मुलाकडे गेलेल्या आईवडिलांना मी हे आवर्जून सांगते. नवीन भाषेत एखादा वाक्प्रचार जमला की तो वापरायचा मोह होतो, आणि तिथल्या डॉक्टरांनी 'फारसं काही नाही' असा अर्थ घेतला तर खरं दुखणं बाजूला राहतं.

तक्रार अर्ज, करार, अहवाल, प्रबंध यांतही नको. 'लिफ्ट वन्स इन अ ब्लू मून बंद पडते' यातून सोसायटीच्या सेक्रेटरींना काहीच कळत नाही. मुलाखतीत 'तुम्ही उशिरा येता का' या प्रश्नाला हे उत्तर दिलंत तर हसून सांगितलेलं ठीक, पण त्यात 'येतो' हा कबुलीजबाब आहे हे ध्यानात असू द्या. पहिली अट आठवा: ती गोष्ट घडते.

माणसाला उद्देशून म्हणताना जपून. 'यू कॉल मी वन्स इन अ ब्लू मून' हे वरिष्ठांना किंवा व्याह्यांना म्हटलं तर टोमणा होतो.

मराठीत आणताना

उपशीर्षकांत आणि यंत्राने केलेल्या भाषांतरांत 'निळ्या चंद्रात एकदा' असं वाचलं की जीव कळवळतो. आपल्याकडे इतके नेमके शब्द असताना! फक्त कोणत्या प्रसंगी कोणता, हे बघावं लागतं.

माणूस दुर्मीळ झाला असेल तर 'उंबराचं फूल'. "काय हो, उंबराचं फूल झालात की अगदी!" असं दारात आलेल्या पाहुण्याला म्हणतात. उंबराला फुलं नसतात असं नाही. ती फळाच्या आतच असतात, बाहेरून दिसत नाहीत. बारीक किडे आत शिरून परागीकरण करतात. उंबर फोडला की आत जे दाटीवाटीने दिसतं ती तीच. म्हणजे आहे, पण दिसत नाही. यात रागावणं आहे आणि लोभही आहे, जो इंग्रजी वाक्प्रचारात आपोआप येत नाही. भाषांतर करताना बोलणाऱ्या दोघांत जिव्हाळा दिसत असेल तर मी डोळे मिटून 'उंबराचं फूल' निवडते. पण सवयीला तो चालत नाही. 'आम्ही उंबराचं फूल बाहेर जेवतो' असं कुणी म्हणत नाही.

सवयीसाठी 'सठीसहामाशी'. बोलण्यात तो 'सटीसामाशी' असाही ऐकू येतो. गावाकडे अजून सर्रास वापरतात, शहरातल्या तरुणांना मात्र समजावून सांगावा लागतो. म्हणून वाचक कोण आहे ते पाहून 'क्वचितच', 'चुकूनमाकून', 'कधीमधी' यांतलं काही घ्यावं. 'चुकूनमाकून' मध्ये अनपेक्षितपणाची छटा आहे: "चुकूनमाकून घरात काही गोड झालंच, तर लगेच फस्त." 'अधूनमधून' मात्र वापरू नका. ते बरंच वरचेवर घडणाऱ्या गोष्टीला म्हणतात.

दुर्मीळ संधी असेल, अनेक गोष्टी एकाच वेळी जुळून आल्या असतील तर 'कपिलाषष्ठीचा योग'. भाद्रपद वद्य षष्ठी, त्यात मंगळवार, रोहिणी नक्षत्र, व्यतिपात योग, आणि सूर्य हस्त नक्षत्रात. हे सगळं एकत्र आलं की कपिलाषष्ठी. साधारण साठ वर्षांनी येते असं मानतात. चारही भावंडं एकाच दिवाळीला घरी आली की आई हेच म्हणते. म्हणून 'अ चान्स लाइक धिस कम्स वन्स इन अ ब्लू मून' याचं मराठी 'असा योग म्हणजे कपिलाषष्ठीच!' असं फार सुंदर होतं. तक्रारीच्या वाक्यात हा शब्द घातला की तो उपरोध होतो: "आज तू स्वयंपाक केलास? कपिलाषष्ठीचा योगच म्हणायचा."

'ईद का चाँद' आपण हिंदीतून घेतला आहे आणि तो माणसालाच लावतो, उंबराच्या फुलासारखा. मुंबईत तो जास्त कानावर पडतो.

शेजारचे चंद्र आणि निळे

शब्द सारखे दिसतात म्हणून काहींची गल्लत होते. 'आऊट ऑफ द ब्लू' म्हणजे ध्यानीमनी नसताना, निरभ्र आकाशातून वीज पडावी तसं. क्वचितशी त्याचा संबंध नाही. 'ओव्हर द मून' म्हणजे आनंद गगनात मावेनासा होणं. 'फीलिंग ब्लू' म्हणजे मन उदास असणं. 'आस्किंग फॉर द मून' म्हणजे न मिळणारं मागणं, आपल्या गोष्टीतल्या बाळ रामाने चंद्रासाठी हट्ट धरला तसं. आणि 'व्हेन पिग्ज फ्लाय' म्हणजे कधीच नाही, आपला 'सूर्य पश्चिमेला उगवेल तेव्हा'. आयुष्यात पुन्हा येणारच नाही अशा गोष्टीला 'वन्स इन अ लाइफटाइम' म्हणतात. निळा चंद्र पुन्हा येतो.

सराव

खाली काही प्रसंग देते. प्रत्येकाला वाक्प्रचार बसतो की नाही ते आधी स्वतः ठरवा, मग माझं उत्तर वाचा.

दर एकादशीला उपास करणारे आजोबा. नाही बसत, तिथी ठरलेली आहे. मुंबईत स्वेटर घालावा लागणं. छान बसतं. एरवी चहा पिणाऱ्या माणसाने एखाद्या दिवशी कॉफी मागणं, तीही वर्षातून दोन-तीनदाच. बसतं. दर शनिवारी माहेरी जाणारी मैत्रीण. नाही. शाकाहारी माणसाचं मटण. नाही, तिथे 'नेव्हर' हवा. कोकणातल्या घरी सगळ्या चुलत भावंडांची एकत्र भेट. बसतं, आणि मराठीत म्हणायचं तर कपिलाषष्ठीचा योग.

मग रोज एक वाक्य स्वतःच्या घरातलं तयार करा. पुस्तकातलं नको, तुमच्याच घरातलं. कोण क्वचित काय करतं ते आठवा आणि शेवटी वाक्प्रचार लावा. आठवडाभरात सात वाक्यं होतील. मोठ्याने म्हणताना पाच बोटं मोजा, मधलं बोट विसरू नका.

काकूंनी केलेलं वाक्य होतं: 'माय सन कॉल्स मी वन्स इन अ ब्लू मून.' व्याकरण चोख होतं, 'अ' जागेवर होता. मी विचारलं, हे मुलाला पाठवणार का? त्या थोड्या थांबल्या आणि म्हणाल्या, "नको हो, इंग्रजीत फार लागेल त्याला." मग त्यांनी वहीत त्याखाली मराठीत लिहिलं, "काय रे, उंबराचं फूल झालास," आणि ते पाठवलं.